दुसरी बॅटरी दुसऱ्याच रात्री का उतरते? पिकअपमधील सहाय्यक बॅटरीच्या वारंवार येणाऱ्या तक्रारीचे निवारण

तक्रारीचे स्वरूप साधारणपणे असे असते. फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या हौद्यात १०० अँपिअर-तास क्षमतेची एजीएम बॅटरी (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवलेली बंद बॅटरी) बसवलेली असते, ती बोनेटखालच्या मूळ बॅटरीशी रिलेमार्फत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत, जोडलेली असते आणि तिच्यावर १२ व्होल्टचा फ्रिज, दोन-चार एलईडी दिवे व एखादा छोटा इन्व्हर्टर चालतो. मुक्कामाची पहिली रात्र निर्विघ्न पार पडते. दुसऱ्या दिवशी गाडी दोन-अडीच तास चालते, तेवढ्यात बॅटरी भरली असेल असे आपण गृहीत धरतो, आणि मध्यरात्र उलटली की फ्रिज कमी व्होल्टेजचा इशारा देऊन बंद पडतो. घरी आल्यावर चार्जरला लावली की हीच बॅटरी ठणठणीत दिसते. काही महिन्यांनी मात्र ती खरोखरच निकामी होते, नवी बॅटरी येते, चार दिवस बरे जातात आणि तक्रार पुन्हा मूळ जागी येते.

या चक्रात मी स्वतः दोन बॅटऱ्या घालवल्या, आणि दोन्ही वेळा बॅटरी निर्दोष होती. तिला केवळ अर्धपोटी ठेवले जात होते. शिसे-आम्ल जातीची कोणतीही बॅटरी (एजीएमही त्याच जातीची) सतत अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली, की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होत जातात आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून उतरलेली बॅटरी बदलण्यापूर्वी तिच्यापर्यंत वीज कशी पोहोचते आहे हे मोजणे आवश्यक आहे. त्यासाठी एक साधा मल्टीमीटर आणि डीसी प्रवाह मोजू शकणारा, वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा क्लॅम्प मीटर पुरेसा होतो. केवळ एसी प्रवाह मोजणारा स्वस्त क्लॅम्प मीटर येथे उपयोगाचा नाही. खरेदी करताना ही चूक अनेकांकडून होते.

आधी हिशेब

चाळीस-पंचेचाळीस लिटरचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो. कॉम्प्रेसर अखंड चालत नसल्यामुळे दिवसभराची सरासरी दीड अँपिअर धरली, तर २४ तासांत ३६ अँपिअर-तास खर्च होतात. गाडी उन्हात उभी असेल तर हा आकडा ५० च्या घरात जातो. दिव्यांचे ५ धरावेत. इन्व्हर्टरला काहीही जोडलेले नसले तरी त्याचे बटण चालू राहिले असेल, तर तो स्वतःसाठी अर्धा अँपिअर सहज खातो, म्हणजे दिवसाला आणखी १२. एकूण खर्च ५३ अँपिअर-तास झाला. एजीएम बॅटरी टिकवायची असेल तर तिच्या क्षमतेपैकी निम्मीच वापरावी असा प्रघात आहे, म्हणजे हाताशी ५०. पहिली रात्र पार पडते ती याच शिल्लकेवर. तोवर चार्जिंगची कसोटी लागलेलीच नसते.

दुसऱ्या दिवशी अडीच तासांच्या प्रवासात हे ५० अँपिअर-तास परत मिळवायचे, तर बॅटरीत सरासरी २० अँपिअरहून अधिक प्रवाह गेला पाहिजे. माझ्या गाडीत इंजिन सुरू केल्यावर तो १८ अँपिअर होता आणि तासाभरात ८ वर आला होता. दोष शोधण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडावा, कारण काही गाड्यांत दोष कोणताच नसतो, फक्त प्रवास थोडा आणि खर्च मोठा असतो. तसे असेल तर कितीही जाड केबल टाकली तरी उपयोग होणार नाही. छतावर सोलर पॅनेल लावावे किंवा खर्च कमी करावा. इन्व्हर्टरचे बटण बंद करणे हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बॅटरी खरोखर उतरली आहे, की फ्रिजला तसे वाटते?

फ्रिज बंद पडताच सकाळची वाट न पाहता, त्याच क्षणी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. भार काढून काही तास शांत ठेवलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचे व्होल्टेज १२.७ च्या आसपास असेल तर ती भरलेली, १२.४ असेल तर सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ असेल तर निम्मी आणि १२.० च्या खाली असेल तर बरीच रिकामी समजावी. भार चालू असताना हे आकडे दोन-तीन दशांशांनी कमी दिसतात, आणि इंजिन नुकतेच बंद केले असेल तर उलट फसवे जास्त दिसतात, हे ध्यानात ठेवावे.

आता समजा, कॉम्प्रेसर चालू असताना टर्मिनलवर १२.२ व्होल्ट आहेत आणि फ्रिजच्या पडद्यावर मात्र ११.४ दिसत आहेत. तसे असेल तर बॅटरीला दोष देण्याचे कारण नाही. बॅटरी आणि फ्रिज यांच्या मधली बारीक वायर व सिगारेट लायटरच्या धाटणीचे सैल सॉकेट मिळून ०.८ व्होल्ट गिळत आहेत. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढतो, त्या क्षणी ही घट आणखी वाढते आणि फ्रिजचे संरक्षण त्याला बंद करते. उपाय सरळ आहे: बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या दोन स्वतंत्र वायरी, मध्ये स्वतंत्र फ्यूज आणि फिरवून घट्ट बसणारा प्लग. बहुतेक फ्रिजमध्ये संरक्षणाचे तीन स्तर असतात. सर्वांत वरचा स्तर गाडीची मूळ बॅटरी सेल्फ मारण्याइतकी शिल्लक राहावी म्हणून दिलेला असतो. सहाय्यक बॅटरीवर चालणाऱ्या फ्रिजला तो स्तर ठेवला, तर तो गरज नसताना लवकर बंद पडतो. मधला स्तर ठेवावा. अगदी खालचा स्तर एजीएम बॅटरीच्या मुळावर येतो.

भार असतानाच मोजमाप

बॅटरी खरोखर उतरलेली आढळली, तर तिच्याकडे येणारा मार्ग तपासावा लागतो. येथे सर्रास होणारी चूक अशी, की प्रवाह वाहत नसताना व्होल्टेज मोजले जाते, दोन्हीकडे १२.६ दिसते आणि वायरिंग उत्तम असल्याचा निर्वाळा दिला जातो. प्रवाह नसेल तर केसाएवढ्या वायरीतही घट दिसत नाही. म्हणून तपासणी सहाय्यक बॅटरी निम्मी उतरलेली असताना, इंजिन मिनिटाला १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवून करावी. गाडी मोकळ्या हवेत असावी, न्यूट्रलमध्ये हातब्रेक लावलेला असावा, आणि हातातील अंगठी व कडे आधीच काढून ठेवावे. पाना आणि अंगठी यांच्यामधून बॅटरीचा प्रवाह गेला तर बोट जळायला क्षणही लागत नाही.

प्रथम मूळ बॅटरीवरचे आणि सहाय्यक बॅटरीवरचे व्होल्टेज नोंदवावे. माझ्याकडे ते अनुक्रमे १४.१ आणि १३.१ होते, प्रवाह १८ अँपिअर. म्हणजे वाटेत पूर्ण १ व्होल्ट हरवत होता. तो कुठे हरवतो हे शोधण्यासाठी मीटरचे एक टोक मूळ बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे टोक वाटेतील एकेका जोडणीवर ठेवत मागे जायचे. मीटर जे दाखवेल ती तिथपर्यंतची एकूण घट; लागोपाठच्या दोन आकड्यांतील फरक ही मधल्या टप्प्यातील घट. त्यासाठी लांब वायरीचे एक जोडटोक तयार करून घ्यावे लागते. मला मिळालेले आकडे असे होते: ५ मीटर लांबीच्या पॉझिटिव्ह केबलमध्ये ०.३४ व्होल्ट, सर्किट ब्रेकरमध्ये ०.२१, रिलेमध्ये ०.०३, आणि उरलेले ०.४२ व्होल्ट निगेटिव्हच्या बाजूला, म्हणजे सहाय्यक बॅटरीचा निगेटिव्ह आणि मूळ बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये.

सर्वांत मोठा चोर अर्थिंगमध्ये होता, आणि जेथे कोणी पाहत नाही नेमका तेथे. बसवणाऱ्याने निगेटिव्ह वायर हौद्याच्या एका बोल्टला आवळली होती. हौदा लोखंडाचा आहे, गाडीलाच जोडलेला आहे, तेव्हा अर्थिंग मिळणारच, असा विचार त्यामागे असावा. प्रत्यक्षात पिकअपचा हौदा हा चासीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, वेगळा ठेवलेला भाग असतो. मध्ये रंगाचे थर आणि पुष्कळदा रबराचे तुकडे असतात, आणि दोहोंमधला विद्युतसंबंध काही बोल्टांच्या गंजलेल्या आट्यांवर अवलंबून राहतो. कोरड्या हवेत हा संबंध बरा असतो, चिखल-पाणी झाल्यावर बिघडतो. दोष कधी असतो तर कधी नसतो, त्याचे हेही एक कारण आहे. निगेटिव्ह वायर थेट चासीच्या मुख्य पट्टीवर न्यावी, रंग खरवडून चकाकता धातू उघडा करावा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आवळावा आणि मग वरून गंजरोधक लावावे. चासीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत आणि मूळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाणारी कारखान्याची पट्टीही एकदा तपासावी. त्यावर विश्वास नसेल तर पॉझिटिव्हच्या बरोबरीने तेवढ्याच जाडीची निगेटिव्ह केबल पुढेपर्यंत न्यावी. माझे मत असे, की लांब चासीच्या जुन्या गाडीत हा खर्च वाया जात नाही.

सर्किट ब्रेकर हा दुसरा चोर. पारदर्शक झाकणाचा, बटण दाबून तोडता येणारा छोटा ब्रेकर सोयीचा दिसतो, पण त्याच्या स्वस्त नकला आतून इतक्या कच्च्या असतात, की निम्म्या प्रवाहालाही तापतात. बोनेटखालच्या उष्णतेत तर त्या मर्यादेच्या बऱ्याच आधी तुटतात आणि गाडीवानाला त्याचा पत्ताही लागत नाही. हात लावल्यावर ब्रेकर शेजारच्या केबलपेक्षा स्पष्ट गरम लागला, तर तो तेथून काढावा. त्या जागी बोल्टने आवळली जाणारी मिडी जातीची फ्यूज घालावी. येथे एक गोष्ट जोडून सांगितली पाहिजे: या केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीपासून शक्य तितकी जवळ हवी. केबल चासीच्या धारेवर घासून उघडी पडली, तर एकाच टोकाची फ्यूज उडूनही दुसऱ्या बाजूची बॅटरी आग लावायला पुरेशी असते.

केबलच्या बाबतीत नावाचा घोटाळा आहे. वाहनांच्या वायरीवर ‘६ मिमी’ असे लिहिलेले असेल, तर काही उत्पादक त्या आकड्याने इन्सुलेशनसह बाहेरचा व्यास दर्शवतात. आत तांबे जेमतेम ४.६ चौरस मिलिमीटर असते. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. त्यावरून ५ मीटरसाठी ४.६ चौरस मिलिमीटरचा रोध १९ मिलिओहम येतो, आणि १८ अँपिअरला घट ०.३४ व्होल्ट येते. मीटरने दाखवलेला आकडा हाच होता. तीच लांबी १६ चौरस मिलिमीटरमध्ये घेतली, तर रोध साडेपाच मिलिओहमवर येतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल याहून निराळीच फसवणूक करते. ती हलकी असते, कापल्यावर आत पांढरट दिसते, आणि त्याच जाडीला तिचा रोध सुमारे दीडपट भरतो.

येथे जाणकार एक आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे: बॅटरी भरत जाते तसा प्रवाह घटतो, प्रवाह घटला की घटही कमी होते, तेव्हा शेवटी बॅटरीला पूर्ण व्होल्टेज मिळणारच. मिळते खरे, पण त्याला दिवसभर इंजिन चालू ठेवावे लागेल. आपल्याकडे अडीच तास असतात, आणि त्या अडीच तासांतही फ्रिज त्याच वायरीतून आपला वाटा घेत असतो. शिवाय एजीएमचा शेवटचा पंचमांश भाग १४.४ व्होल्ट दिले तरी सावकाशच भरतो, १३.१ वर तर तो भरतच नाही म्हटले तरी चालेल.

अर्थिंग चासीवर नेले, ब्रेकरऐवजी फ्यूज घातली आणि १६ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, तेव्हा तितक्याच उतरलेल्या बॅटरीत सुरुवातीचा प्रवाह ३१ अँपिअर झाला आणि एवढ्या प्रवाहालाही एकूण घट ०.३३ व्होल्टवर राहिली. मी ०.३ च्या आसपासची घट समाधानकारक मानतो.

वायरिंग उत्तम, तरीही बॅटरी रिकामी

वरील सर्व दुरुस्त्या करूनही तक्रार राहते, अशा गाड्या बहुधा नव्या असतात. जुन्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) इंजिन चालू असेपर्यंत १३.८ ते १४.४ व्होल्ट देत राहतो. नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरवर नियंत्रण ठेवतो: मूळ बॅटरी पुरेशी भरली की सरळ रस्त्यावर व्होल्टेज १२.५ पर्यंत उतरवतो आणि उतारावर किंवा वेग कमी होताना ते १५ च्या जवळ नेतो. व्होल्टेज पाहून जोडणारा रिले साधारणपणे १३.३ ला जुळतो आणि १२.८ ला सुटतो. साहजिकच प्रवासाचा बराच काळ तो सुटलेलाच राहतो, आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर तपासले तर बिनचूक जुळलेला दिसतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. मूळ बॅटरीवरचे व्होल्टेज दाखवणारा छोटा मीटर डॅशबोर्डवर तात्पुरता लावावा आणि शेजारी बसलेल्या माणसाने अर्धा तास आकडे पाहावेत; चालकाने पाहू नयेत. आकडा १२.५ आणि १४.८ यांच्यामध्ये झुलत असेल, तर रिले बदलून काहीही साधणार नाही. तेथे डीसी-डीसी चार्जरच हवा, जो मिळेल ते व्होल्टेज घेऊन बॅटरीच्या जातीनुसार योग्य ते व्होल्टेज देतो.

हा चार्जर बसवताना तीन ठिकाणी गफलत होते. पहिली म्हणजे इग्निशनची वायर. व्होल्टेज पाहून आपोआप सुरू होण्याच्या पद्धतीवर चार्जर ठेवला, तर अल्टरनेटरचे व्होल्टेज उतरताच तोही रिलेप्रमाणेच झोपतो. म्हणून इंजिन चालू असतानाच वीज मिळते अशा ठिकाणाहून त्याला संकेताची वायर द्यावी लागते; ही वायर जोडायची राहून गेल्यामुळे ‘चार्जर खराब आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. दुसरी म्हणजे जागा. चार्जर मूळ बॅटरीजवळ बसवला तर त्याने दिलेले १४.४ पुढच्या ५ मीटरमध्ये पुन्हा गळतात. तो सहाय्यक बॅटरीच्या शेजारीच असावा. तिसरी म्हणजे त्याच्याकडे येणाऱ्या केबलची जाडी. २५ अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टला ३६० वॅट देतो. सुमारे ९० टक्के कार्यक्षमता धरली तर तो ४०० वॅट घेतो, आणि पुढून १२.६ व्होल्टच येत असतील तर त्यासाठी जवळपास ३२ अँपिअर ओढतो. २५ अँपिअरच्या हिशेबाने फ्यूज घातली तर ती उडणारच. चार्जरच्या पुस्तिकेत दिलेलीच फ्यूज घालावी.

यावरून प्रत्येक गाडीत डीसी-डीसी चार्जर घालावा असे मात्र मी म्हणणार नाही. स्थिर व्होल्टेजच्या जुन्या अल्टरनेटरवर, नीट वायरिंग असेल तर, साधा रिले सुरुवातीला २५ अँपिअरच्या चार्जरपेक्षा जास्त प्रवाह देतो आणि त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

लिथियम बॅटरीला मात्र ही सवलत नाही. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी विश्रांतीतही १३.२ ते १३.३ व्होल्टवर असते, त्यामुळे व्होल्टेज पाहणारा रिले इंजिन बंद झाल्यावरही सुटत नाही आणि दोन्ही बॅटऱ्या रात्रभर एकमेकींना जोडलेल्या राहतात. इंजिन चालू असताना हीच बॅटरी इतका प्रवाह ओढते, की अल्टरनेटर तापतो. एजीएम काढून त्या जागी लिथियम ठेवल्यावर सकाळी मूळ बॅटरीच सेल्फ घेत नसेल, तर प्रथम हा रिले पाहावा. तसेच ही बॅटरी बोनेटखाली ठेवू नये आणि शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नये.

नव्या गाडीत आणखी एक बारीक गोष्ट असते. मूळ बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. सहाय्यक बॅटरीचा निगेटिव्ह थेट त्या टर्मिनलच्या खांबाला जोडला, तर संवेदकाला मूळ बॅटरीचा खरा प्रवाह कळत नाही, गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो आणि मूळ बॅटरी विनाकारण कमी भरली जाऊ शकते. निगेटिव्ह चासीवरच जोडावा. जुन्या गाडीतला हाच नियम येथे दुसऱ्या कारणाने लागू पडतो.

बॅटरीची पाळी शेवटी

मार्ग निर्दोष असल्याची खात्री झाल्यावरच बॅटरीची परीक्षा घ्यावी. ती बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरावी, रात्रभर शांत ठेवावी, आणि मग ५ अँपिअरचा भार दहा तास चालवावा. १२ व्होल्टचा ६० वॅटचा दिवा यासाठी चालतो. १०० अँपिअर-तासांची निरोगी बॅटरी यानंतर काही तास विश्रांती दिल्यावर १२.२ च्या आसपास स्थिरावते. ती सहा-सात तासांतच ११.८ च्या खाली घसरली, तर तिची क्षमता गेलेली आहे, आणि आता नवी घेणे योग्य ठरेल.

दुरुस्तीनंतर महिनाभराने, विशेषतः खडबडीत रस्त्यांवर गाडी फिरल्यानंतर, सर्व लग पान्याने पुन्हा आवळून पाहावेत आणि भारावरची घट पुन्हा मोजावी. माझ्या गाडीत तेव्हा चासीवरचा लग पाव आटा सैल झालेला सापडला आणि घट ०.३३ वरून ०.४५ वर गेली होती. सपाट वॉशरच्या जोडीला दातेरी वॉशर घातल्यानंतर तो पुन्हा सैल झालेला नाही. तेव्हाचे आकडे मी बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवले आहेत. पुढच्या वेळी तुलना करायला तेच उपयोगी पडतात.